न येणाऱ्या पाहुण्यांची तयारी

गुरुवारी दुपारी उस्ताद लुत्फींच्या घरी कुणीही येणार नव्हतं. जे कुणी येणार होते ते हॉलंडमधल्या एका विद्यापीठातून, संगणकाच्या पडद्यावर येणार होते. म्हणजे त्यांना ना चहा लागणार होता ना खुर्ची. तरीसुद्धा नाईलकाठच्या मन्सूरा शहरातल्या त्या सहा मजली इमारतीत त्या दिवशी जी धावपळ झाली, तेवढी खऱ्याखुऱ्या पाहुण्यांसाठीही कधी झाली नसेल.

मूळ प्रकरण अगदी साधं होतं. लुत्फींची एकुलती एक लेक रिहाम. तिला धरणं, कालवे, समुद्राचं पाणी अडवणाऱ्या भिंती असलं काहीतरी बांधायला शिकायचं होतं. आता हे शिकायला हॉलंडच कशाला हवं, आपली नाईल काय आटली आहे का, असं लुत्फींनी एकदा विचारून पाहिलं होतं. ते स्वतः पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते (उस्ताद तिकडे कुणाही शिकल्यासवरल्या माणसाला म्हणतात), त्यामुळे निदान पाण्याच्या बाबतीत तरी घरात आपला शब्द चालावा अशी त्यांची माफक अपेक्षा होती. ती कुणी मनावर घेतली नाही. रिहामने शोधून काढलेलं विद्यापीठ जगभरातून आलेल्या अर्जांतून फक्त दोन मुलांना राहण्याजेवणासकट फुकट शिकवणार होतं, आणि तिचा अर्ज पहिल्या चाळणीतून खाली पडला नव्हता. आता मुलाखत तेवढी राहिली होती. ती जमली तर जमलं. नाहीतर मनातली धरणं मनातच, कारण एरवीचा खर्च लुत्फींच्या सात पिढ्यांना झेपला नसता.

"कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये," लुत्फींच्या बायकोने, सोहैरने, पहिल्याच दिवशी बजावलं. "माझ्या भाच्याचं काय झालं विसरलास? कुवेतची नोकरी पक्की झाली होती. वहिनीने बाल्कनीत उभं राहून गल्लीभर सांगितलं. लागली ना दृष्ट! निघायच्या आदल्या दिवशी पाय मोडला."

"अगं, तो जिन्यावरून पडला."

"जिना काय त्याच दिवशी बांधला होता? जन्मभर त्याच जिन्यावरून उतरला, तेव्हा नाही पडला तो!"

लुत्फी तसे दृष्टबिष्ट मानणाऱ्यांपैकी नव्हते. पण न मानणाऱ्यालाही ती लागू शकते एवढं मात्र ते मानत.

विद्यापीठाने सूचना पाठवल्या होत्या. खोली शांत हवी. खोलीत उमेदवाराशिवाय कुणी नको. सुरुवातीला कॅमेरा चारही बाजूंना फिरवून ते दाखवायचं. मध्ये दुसरं कुणी आढळलं तर मुलाखत रद्द होऊ शकते. या शेवटच्या वाक्याने रिहामची झोप उडाली आणि मग तिने बाकीच्यांची उडवली. कारण त्या घरात शांत खोली म्हणाल तर एकच होती. झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या इमारतीच्या पोटातल्या हवेच्या बोळात उघडत, आणि सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरंही त्याच बोळात उघडत. गुरुवारी दुपारी त्या बोळात मुलूखियाची भाजी चिरल्याचा खटखटाट, लसणाची फोडणी आणि सहा मजल्यांवरच्या आयांचा आवाज एकदम भरत असे. हॉलंडच्या माणसांना वाटलं असतं, पोरगी बाजारात बसूनच बोलतेय.

उरला तो रस्त्याकडचा दिवाणखाना.

आता दिवाणखाना ही काही बसायची जागा नव्हे. सोनेरी पायांच्या, वेलबुट्टीच्या खुर्च्या तिथे पांढऱ्या चादरी पांघरून वर्षानुवर्षं झोपलेल्या असतात. एक तर मुलीला बघायला पाहुणे आले तर तो उघडायचा, नाहीतर घरात कुणी गेलं तर. लुत्फींच्या आई वारल्या तेव्हा शेवटचा उघडला होता. सोहैरने चादरी काढल्या, झुंबराचे दिवे पुसले आणि गालिचा बाल्कनीच्या कठड्यावर टाकून लुत्फींच्या हातात वेताची काठी दिली. पहिल्याच फटक्याला वरच्या मजल्यावरची बाल्कनी उघडली.

वर वाएलची आई राहायची; मुलाच्या नावाने सगळे तिला तसंच ओळखत. ती शिवणकाम करी, आणि तिचं शिवणयंत्र दिवाणखान्याच्या बरोबर डोक्यावर होतं. इमारतीत काय चाललंय हे तिला यंत्राचा पाय न थांबवता कळत असे. त्या दिवशी मात्र तिने पाय थांबवला.

"काय उस्ताद, गालिचा वाटतं?"

"गालिचा," लुत्फी म्हणाले. नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"दिवाणखान्यातला?"

"धूळ फार झाली होती हो."

"धूळ काय, दरवर्षीच होते," असं म्हणून ती जी आत गेली ती दार लावून घ्यायलाही थांबली नाही.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. ते शिवणयंत्र गुरुवारी दुपारी बंद ठेवायला हवं होतं, आणि हे सांगायला वर कुणीतरी जायला हवं होतं. सोहैर म्हणाली, मी गेले तर माझ्या चेहऱ्यावरून ती सगळं ओळखेल, तुझ्या चेहऱ्यावरून कधीच कुणाला काही कळलेलं नाही. या कौतुकाचं काय करावं हे न कळून लुत्फी जिना चढले.

"अवश्य बंद ठेवते की," वाएलची आई म्हणाली. "कुणी येतंय वाटतं?"

लुत्फींना खोटं बोलता येत नसे. खात्यातही त्यांची बढती त्याच कारणाने अडली होती असं त्यांचं मत होतं. ते म्हणाले, "तसं म्हटलं तर... येतंय."

"बायका?"

"एक बाई आहे त्यांच्यात."

"आणि पुरुष?"

"दोन."

वाएलच्या आईने मनातल्या मनात मुलाची आई, मुलाचा बाप आणि मुलगा असे तिघांना तीन खुर्च्यांवर बसवलं. "रिहामला बघायला?"

"बघतील की. तिच्याशीच बोलायचंय त्यांना."

"शिकलेले आहेत का?"

"छे, विचारू नका. फारच शिकलेले आहेत," लुत्फी म्हणाले, आणि एकही शब्द खोटा न बोलल्याच्या समाधानात खाली आले.

ते जिना उतरून दारात पोचेपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली होती. लुत्फींनी डोक्याला हात लावला. सोहैर मात्र ऐकून एकदम खुलली. "झकास झालं! बसू दे सगळ्यांना नवरदेवावर डोळे लावून. दृष्ट लागली तर त्याला लागेल. तो आहे कुठे?"

"पण उद्या विचारतील तेव्हा काय सांगायचं?"

"उद्याचं उद्या. गुरुवार पार पडू दे."

आता इमारतीतल्या प्रत्येक माणसाला लुत्फींना सल्ला देणं भाग होतं. तळमजल्यावरच्या गलाल न्हाव्याने त्यांच्या गळ्याभोवती फडकं गुंडाळलं आणि वस्तरा मानेवर असताना विचारलं, "मुलाचं स्वतःचं घर आहे का? आधी घर बघा उस्ताद. नुसत्या शब्दावर मुलगी देऊ नका. माझ्या मेव्हणीचा नवराही लग्नाआधी म्हणाला होता, समुद्रकाठी घर आहे. होतं खरं, पण त्याच्या तीन भावांचंही तेच होतं." मान हलवायची सोय नसल्यामुळे लुत्फी "हं" म्हणाले. त्या एका "हं"मधून नवरदेवाचं घर समुद्रकाठी असल्याचं संध्याकाळपर्यंत ठरलं. इमारतीचा रखवालदार सब्रीकाका म्हणाला, गुरुवारी गॅसवाल्याला मी गल्लीत शिरू देणार नाही, पाना घेऊन टाक्या बडवतो मेला. पाहुण्यांच्या कानाला त्रास नको. आणि लिफ्ट दुपारभर खालीच धरून ठेवतो, म्हणजे त्यांना थांबायला नको. लुत्फींना अगदी भरून आलं आणि त्याच वेळी जमिनीत शिरावंसंही वाटलं.

या सगळ्यात रिहाम कुठे होती? ती न्हाणीघरात होती. दार लावून आरशासमोर इंग्रजीत उत्तरं पाठ म्हणत होती. दिवसेंदिवस तिचं खाणं कमी होत होतं आणि डोळे मोठे होत होते. लुत्फी दाराबाहेर उभे राहून ऐकत. त्यांना इंग्रजी येत असे, पण ते कार्यालयीन, "आपल्या पत्रास अनुसरून" इथपर्यंतचं. तरी मध्येच ती अडली की ते बाहेरून पुढचा शब्द आठवू बघत.

बुधवारी सकाळी फोन वाजला. लुत्फींची थोरली बहीण इक्बाल, नदीपलीकडच्या गावात राहणारी. वाएलची आई तिच्या मुलींचे कपडे शिवत असे, म्हणजे आता निराळं सांगायला नको.

"लुत्फी, मी मेले का?"

"असं काय बोलतेस ताई?"

"मग माझ्या भाचीला बघायला लोक येतात आणि मला शिंपिणीकडून कळतं? सख्खी आत्या मी! आई गेल्यावर या घरात मोठं कोण आहे?"

"ताई, तसं काही नाहीये. म्हणजे आहे, पण तू उगीच धावपळ..."

"मी उद्या येतेय. पाहुण्यांपुढे काय टोमॅटो चिरून ठेवणार आहात? बदकं आणते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिला खरं सांगून टाकूया, असं लुत्फी चार वेळा म्हणाले. सोहैर चारही वेळा नाही म्हणाली. इक्बालताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती नावेतून पलीकडे पोचायच्या आत नावाड्याला कळेल, असं तिचं म्हणणं. आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं.

त्याच दुपारी घरातलं इंटरनेट बंद पडलं.

महिन्याचा कोटा संपला होता. रिहामने सराव म्हणून मुलाखतींचे इतके व्हिडिओ पाहिले होते की, प्रत्यक्ष मुलाखतीसाठी काही शिल्लकच राहिलं नव्हतं. लुत्फी टेलिफोन कचेरीत धावले. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, सिस्टीम बसलीय. कधी उठेल? ते तिलाच ठाऊक. लुत्फी म्हणाले, अहो, मीही सरकारी माणूस आहे. तो माणूस म्हणाला, मग तुम्हाला तर कळायलाच हवं. कचेरी बंद होईपर्यंत लुत्फी तिथल्या बाकावर बसून राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या खात्याच्या खिडकीसमोर बसणाऱ्या माणसांची कणव आली.

परतल्यावर एकच मार्ग उरला. पुन्हा वरचा जिना.

"एवढंच ना? घ्या की आमचं," वाएलची आई म्हणाली. "पाहुण्यांना फोटोबिटो दाखवायचे असतील. लिहून घ्या पासवर्ड." लुत्फींकडे पेन नव्हतं. म्हणून तिने जिन्यातून खाली सोहैरला ओरडून सांगितला, सोहैरने ओरडून परत विचारला, आणि रात्रीपासून अख्खी इमारत वाएलच्या आईच्या इंटरनेटवर आली. मग सब्रीकाकाने दारोदार जाऊन दरडावलं की उद्या दुपारी कुणी हात लावाल तर खबरदार, उस्तादांच्या मुलीचं भवितव्य आहे. आपण किती खरं बोलतोय हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी सोहैरने दृष्ट काढायला कागदाची बाहुली कापली. ती मांडीवर घेऊन ती सुईने टोचायला बसली. "वाएलच्या आईची नजर, गलाल न्हाव्याची नजर, त्याच्या बायकोची नजर, सब्रीची नजर..." एकेक नाव, एकेक टोचा.

"सब्रीने काय केलंय? तो लिफ्ट धरून बसलाय," लुत्फी म्हणाले.

"म्हणून हळूच टोचलं," सोहैर म्हणाली. मग जरा थांबून, त्यांच्याकडे न बघता तिने इक्बालताईच्या नावानेही सुई टोचली. लुत्फींना ते आवडलं नाही, पण बोलायची ती वेळ नव्हती. सोहैरने बाहुली जाळली, तिचा धूप करून दिवाणखान्यात चारी कोपऱ्यांत फिरवला, आणि परिणामी कॅमेरा सुरू झाला तेव्हा रिहाम ढगात बसल्यासारखी दिसू लागली. लुत्फींनी गालिच्याच्या काठीने धूर बाहेर हाकलला. रिहामच्या डोळ्यांतून पाणी येत होतं; ते धुराचं की कशाचं, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

"आई, बाबा, आता बाहेर जा," ती म्हणाली. "आणि काहीही झालं, घर पेटलं तरी आत यायचं नाही. दुसरं माणूस दिसलं तर सगळं रद्द होईल. कळलं?"

दार लागलं. लुत्फी दाराला कान लावून उभे राहिले.

ठरलेली वेळ झाली आणि टळली. फटीतून पडद्यावरचा एकच मजकूर दिसत होता: कृपया प्रतीक्षा करा. रिहाम ताठ बसून त्याच्याकडे बघत होती. अशी शांतता त्या इमारतीने कधी अनुभवली नव्हती. शिवणयंत्र थांबलं होतं. हवेच्या बोळात कुणी भाजी चिरत नव्हतं. न्हाव्याने रेडिओ बंद केला होता. कोपऱ्यावर गॅसवाल्याने पाना उचलला आणि सब्रीकाका चप्पल हातात घेऊन त्याच्या अंगावर धावला. प्रत्येक बाल्कनीत एक एक डोकं होतं आणि सगळी डोकी रस्त्याकडे लागली होती. सोहैर भिंतीशी बसून ओठ हलवत होती. यापेक्षा गोंगाट परवडला असता असं लुत्फींना वाटलं.

एकदाचे आतून आवाज आले. पुरुषाचा, मग बाईचा, मग रिहामचा. रिहाम बोलली, पाठ केलेलं घडाघडा बोलली. लुत्फींनी न्हाणीघराच्या दाराशी ऐकलेली वाक्यं ओळखली आणि हात जोडले. मग पुरुषाने काहीतरी विचारलं. ते न्हाणीघरातलं नव्हतं.

रिहाम गप्प झाली.

लुत्फी थांबले. आत्ता बोलेल. श्वास घेत असेल. आत्ता बोलेल. पुरुषाने तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. आतून काही नाही. बोल ग पोरी, काहीही बोल, लुत्फी मनात म्हणाले. सोहैरचे ओठ हलायचे थांबले.

आणि तेवढ्यात, पाहुण्यांसाठी राखलेली लिफ्ट वर आली. घरचं दार उघडलं, आणि दोन्ही हातांत झाकलेली परात घेऊन, जीभ टाळूला लावून, आनंदाचा लांबलचक उलुलू करत इक्बालताई आत शिरली.

"श्श्श!" दोघंही एकदम ओरडली.

"का? अजून ठरलं नाही?" तिने परात लुत्फींच्या हातात कोंबली. परात अजून गरम होती. "कांदा भरून आणलीत. पाहुणे कुठायत? आत?" मग आतून तो पुरुषी आवाज आला, आणि ताईचा चेहरा बदलला. ती बाहेर उभ्या असलेल्या भावाकडे बघू लागली, मग भावजयीकडे, मग बंद दाराकडे. "तुम्ही दोघं इथे. मग आत पोरीजवळ कोण आहे?"

"कुणी नाही," लुत्फी कुजबुजले.

"मी बहिरी आहे का? परका पुरुष आत, पोरगी आत, आणि दार लावून तू बाहेर? बाप आहेस की पहारेकरी?"

"ताई, तुझ्या पाया पडतो, तिथे जाऊ नकोस!"

पण अडवणार कसे? दोन्ही हातांत तापलेली परात होती, आत दोन बदकं होती. सोहैर उठेपर्यंत ताईने दार ढकललं होतं.

खोलीत कुणी नव्हतं. ताईने खुर्च्यांमागे पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, आणि शेवटी संगणकात पाहिलं. तिथे तीन चेहरे होते. एक टकले गृहस्थ, एक दाढीवाले, आणि एक चष्मेवाल्या बाई. तिघेही तिच्याकडे पाहत होते.

"अगंबाई, आता असे पण येतात?" ताई म्हणाली. "यातला मुलगा कोणता? हा टकला? रिहाम, हा तर तुझ्या बापाहून म्हातारा आहे!"

"आत्या!" रिहाम किंचाळली.

चष्मेवाल्या बाईंनी काहीतरी विचारलं, शांतपणे, पण त्यात हसू नव्हतं. रिहामने त्यांच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, दारात परात घेऊन उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला. आणि ती बोलू लागली. इंग्रजीत, भराभर, हात उडवत. लुत्फींना "आत्या", "नवरा", "शेजारी" आणि "बदक" एवढेच शब्द कळले. टकल्या गृहस्थांनी चेहऱ्यावर हात धरला. ते हसत होते की सगळं रद्द करायच्या आधी असाच हात धरतात, हे लुत्फींना ओळखता येईना. आपण काहीतरी करायला हवं असं वाटून ते एक पाऊल पुढे झाले आणि त्यांना येत होतं ते एकमेव इंग्रजी बोलले. त्याचा अर्थ असा होता, "महोदय, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल हे खाते दिलगीर आहे."

मग सोहैरने दोघाही भावंडांना कपड्यांना धरून बाहेर ओढलं.

दाराआडून रिहामचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला. ती बाहेर आली तेव्हा पांढरीफटक दिसत होती.

"काय म्हणाले?"

"कळवू म्हणाले."

"आणि दुसऱ्या माणसाचं? त्या नियमाचं?"

"बाईंनी काहीतरी लिहून घेतलं," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत जाऊन तिने कडी लावली.

आता इक्बालताईला सांगावंच लागलं. ती सोनेरी पायांच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. ती आरडाओरडा करील म्हणून लुत्फी तयारीत होते. तिने आरडाओरडा केला नाही.

"माझीसुद्धा नजर लागेल असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "हिला पहिली अंघोळ मी घातली रे. मला सांगितलं असतंस तर मी घरी बसून रोजा धरला असता." मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत तिने विचारलं, "मी सगळं घालवलं का?"

"नाही ग," लुत्फी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, तरी ते बोलले.

ती बदकं त्या रात्री कुणीच खाल्ली नाहीत.

मुलाखत संपली, पण खरी शिक्षा पुढेच होती. कारण इमारतीच्या दृष्टीने त्या दुपारी काय झालं होतं? दिवाणखाना उघडला, गालिचा झटकला, आत्या बदकं घेऊन आली, आणि पाहुणे फिरकलेच नाहीत. निकाल लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं सोहैरचं फर्मान होतं, त्यामुळे लुत्फींना हे मुकाट्याने गिळावं लागलं. ते जिना चढू लागले की बोलणारे गप्प होत. न्हाव्याने अगदी हलक्या हाताने दाढी केली आणि म्हणाला, "जाऊ द्या उस्ताद, समुद्रकाठच्या घरांना ओल फार असते." सब्रीकाका म्हणाला, मी शेवटपर्यंत लिफ्ट धरली होती, माझ्याकडून काही कमी पडलं नाही ना? वाएलची आई तर बसबूशाची, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांची, थाळी घेऊनच खाली आली. "त्यांचंच नशीब फुटकं, दुसरं काय! मी तर त्या सकाळी कागदाची बाहुली करून जाळली होती रिहामसाठी. सगळ्या इमारतीची नावं घेऊन टोचली," ती म्हणाली, आणि जरा चाचरली, "तुमचं तेवढं वगळून हो." सोहैरने थाळी घेतली आणि त्या बाईच्या नजरेला नजर देण्याचं टाळलं.

पुढच्या आठवड्यात वाएलच्या आईने आपल्या नात्यातला एक विधुर सुचवला. दात बसवलेले आहेत, पण स्वभावाने गरीब. माझ्या मुलीला कुणी नाकारलेलं नाही, असं लुत्फींना छपरावर चढून ओरडावंसं वाटलं. ते म्हणाले, "विचार करतो."

आणि निकाल काही येत नव्हता. रिहाम जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवी आणि घासागणिक उलटा करून बघे. पाण्याच्या बिलाचा संदेश आला तरी तिघंही दचकत. एका संध्याकाळी ती बाल्कनीत लुत्फींच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, त्यांनी विचारलं होतं, समुद्र वर आला तर तुमच्या आत्याच्या गावासारख्या गावांना काय सांगाल. म्हणजे आत्या आली त्यानंतर. त्याआधी मी पार थिजले होते. काही आठवतच नव्हतं. मग आत्या आली आणि मला इतका राग आला, इतका, की सगळं सुटलं. काय बोलले देव जाणे."

"चांगलं बोललीस."

"तुम्हाला कळलं?"

"शब्दही नाही," लुत्फी म्हणाले. "पण थांबली नाहीस."

ती हसली, किती दिवसांनी तरी. मग म्हणाली, "माझ्यामुळे गेलं तर चालेल. आत्यामुळे गेलं तर ती जन्मभर स्वतःला खाईल." लुत्फींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं रस्त्याकडे बघत राहिली.

निकाल आला तो शुक्रवारी सकाळी, सगळे घरात असताना, ताटात फूल म्हणतात ती बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि कांदा असताना. रिहामने फोन उलटला. वाचला. पुन्हा वाचला. काही न बोलता तो आईच्या हातात दिला, आणि आपल्या आईला इंग्रजी येत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "घेतलं, आई. मला घेतलं."

सोहैर काय करील याची लुत्फींना कल्पना होती: दार लावील, धूप घालील, अजून कुणाला सांगू नका म्हणेल. सोहैरने जिन्याचं दार सताड उघडलं आणि असा उलुलू केला की सहाही मजल्यांची दारं एकामागून एक उघडली. वाएलची आई केसांत कंगवा अडकलेला तसाच घेऊन धावत खाली आली. "आले का परत? हो म्हणाले?"

मग लुत्फींनी जिन्याच्या कठड्याला धरून सगळं सांगितलं. पाहुणे नव्हते, मुलगा नव्हता, हॉलंडचे प्राध्यापक होते, जगभरातून दोघांना घेतलं आणि त्यातली एक ही. इतके दिवस दाबलेलं सगळं एका दमात बाहेर आलं, आवाजही खात्यात कधी चढला नव्हता इतका चढला. सांगून झाल्यावर ते घाबरले. या लोकांनी शिवण थांबवली, भाजी चिरायची थांबवली, लिफ्ट धरली, आणि आपण त्यांना चक्क फसवलं होतं.

"म्हणजे नवरामुलगा नव्हताच?" वाएलची आई म्हणाली.

"नव्हता."

"आणि मी त्या मेल्याला तीन आठवडे शिव्या घालतेय!" ती म्हणाली, आणि रिहामला छातीशी धरून हसायला लागली. मग सगळा जिना हसायला लागला. सब्रीकाकाने टाळ्या वाजवल्या. सोहैरने वाएलच्या आईचा हात धरला आणि काहीतरी कानात सांगितलं, आणि ती "जाऊ दे ग, मी तरी कुठे तुमचं नाव वगळलं होतं!" असं म्हणाली. तिकडे रिहाम फोनवर इक्बालताईला सांगत होती आणि ताईचं रडणं फोनमधून जिनाभर ऐकू येत होतं.

"मग निघणार कधी?" गलाल न्हाव्याने विचारलं.

"उन्हाळा संपला की," लुत्फी अभिमानाने म्हणाले.

"आणि किती वर्षं?"

लुत्फींनी तोंड उघडलं, पण त्यांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. गालिचा, शिवणयंत्र, टेलिफोनची खिडकी, बदकं, या सगळ्यात हे पार पडलं तर पोरगी बॅग भरून या दारातून बाहेर पडेल, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ते मागे वळले.

"पाच, बाबा," रिहाम हळूच म्हणाली. "मध्ये मध्ये येईन ना मी."

लुत्फींना हसायचं होतं. चेहरा वेडावाकडा झाला, आणि एवढ्या शेजाऱ्यांदेखत, खात्याचा तो प्रतिष्ठित माणूस मटकन पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

अशा वेळी काय करायचं हे त्या इमारतीला पाठ होतं. तिथून मुली काय कमी निघाल्या होत्या! न्हावी खुर्ची आणायला पळाला, कुणी पाण्याचा पेला पुढे केला, सब्रीकाकाने लिफ्ट धरून ठेवली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. वाएलची आई दोन्ही हात पसरून बाकीच्यांना मागे सारत म्हणाली, "रडू द्या हो त्यांना, मुलीचा बाप आहे." रिहाम येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.